पोटऱ्यांना माहीत असलेलं गाव

लेक पोर्तुगालमध्ये लिस्बनला शिकायला गेली तेव्हाच ठरलं होतं की एकदा तिच्याकडे जाऊन राहायचं, आणि यंदा मे महिन्यात रजा मंजूर झाली तशी मी बारा दिवस जाऊन आले. ती सकाळी आठला कॉलेजला जायची ती संध्याकाळी सहाला उगवायची, म्हणजे मधला अख्खा दिवस माझा एकटीचा, भाषा येत नाही, बसचे नंबर कळत नाहीत, मग पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की आपण चालायचं. बूट घातले, पाण्याची बाटली घेतली, तिने दिलेली चावी पर्समध्ये टाकली आणि निघाले.

तिची खोली ग्रासा नावाच्या भागात. लिस्बनमधल्या सगळ्यात उंच टेकड्यांपैकी ही एक, आणि त्यात हिची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सकाळी निघताना सगळा उतार, त्यामुळे भराभरा खाली नदीपर्यंत पोचले, खूप छान वाटलं. परत यायला निघाले तेव्हा कळलं. फोनमधल्या मॅपने सांगितलं १६ मिनिटं, मला लागली पन्नास. मॅपला अंतर कळतं पण चढ कळत नाही, आणि लिस्बनमध्ये अंतराला काही अर्थच नाही, समोर दिसणारं घर दोनशे पायऱ्या वर असतं. त्या रात्री पोटऱ्या इतक्या भरून आल्या की लेकीने तेल गरम करून चोळून दिलं. आणि चोळता चोळता ती म्हणाली, आई, तू तर नाशिकच्या टेकावर वाढलेली ना गं, तुला कसं काय दुखतंय?

हे तिने सहज विचारलं, पण मी त्यावर बराच वेळ जागी राहिले.

मी वाढले ती तिवंध्यातल्या एका वाड्यात. जुन्या नाशकात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नाशिक म्हटलं की लोकांना डोंगर आठवतात ते गावाबाहेरचे, पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज. पण जुनं गाव स्वतःच टेकांवर बसलंय. "नाशिक नव टेकांवर वसलं" असं आमच्याकडे म्हणतातच. जुनी गढी, कोकणी टेक, पठाणपुरा, जोगवाडा, म्हसरूळ टेक, डिंगरअळी, सोनारअळी, चित्रघंटा, अशी नावं घेत गेलं की नऊवर थांबत नाही, प्रत्येक घरातली यादी वेगळी, वडील एक सांगायचे आणि शेजारचे काका दुसरीच. लिस्बनलाही सात टेकड्यांचं शहर म्हणतात आणि तिथेही मोजायला बसलं की सात पुरत नाहीत. लेकीची ग्रासा त्या जुन्या सातांमध्ये धरतच नाहीत म्हणे, एवढी उंच असूनसुद्धा, कारण नदीतून जहाजावरून बघितलं तर ती किल्ल्याच्या टेकडीमागे लपते. मला हे फार आवडलं. म्हणजे ज्याने मोजलं तो नदीवरून बघत होता, चढून बघत नव्हता.

तर लहानपणी आम्ही दिवसातून चार-चार वेळा टेक चढायचो उतरायचो आणि त्याला चढ म्हणतात हेसुद्धा मनात यायचं नाही. सायकलवरून उतरून ती ढकलत न्यायची, हे शाळेतून येतानाचं रोजचंच. हातगाडीवाले सराफ बाजारातून वर येताना गाडी सरळ नाही चढवायचे, नागमोडी न्यायचे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मध्ये चाकाला दगड लावून घाम पुसायचे. नळाला पाणी आलं की खालच्या अळीत धो धो आणि आमच्याकडे टेकावर करंगळीएवढी धार, त्यामुळे कुठलं घर किती उंचीवर आहे हे आम्हाला बादली भरायच्या वेळावरून कळायचं. मग ९८ साली आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहायला आलो. सगळं सपाट, खाली पार्किंग, वर लिफ्ट. स्कूटर, मग कार. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत मी जुन्या गावात कितीतरी वेळा गेले, भांडी घ्यायला, सोनाराकडे, रंगपंचमीला तिवंध्याची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद बघायला, पण गाडी रविवार कारंजाला किंवा गंगेवर लावायची (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) आणि काम झालं की परत. चालत वरपर्यंत कधी गेले ते आठवत नव्हतं. पोटऱ्या विसरल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी लिस्बन जरा वेगळं बघायला लागले.

आधी पायाखाली बघितलं. सगळे फुटपाथ लहान लहान दगडांचे, मुठीत मावतील एवढे चौकोनी तुकडे, पांढरा चुनखडक आणि त्यात काळ्या दगडाची नक्षी, हाताने एकेक बसवलेले. मोठ्या चौकात, रोसिओ म्हणतात त्याला, काळ्यापांढऱ्या लाटा केल्यात, आणि जमीन सपाट असून चालताना डोळ्यांना हेलकावा बसतो. हे काम १८४० च्या दशकात सुरू झालं, किल्ल्यावरच्या कैद्यांकडून पहिली फरसबंदी करून घेतली आणि मग ते सगळ्या शहरभर पसरलं. एका गल्लीत दुरुस्ती चालली होती तिथे मी अर्धा तास उभी होते. माणूस खाली बसलेला, डाव्या हातात दगड, उजव्या हातात छोटी हातोडी, दगड तळहातावर फिरवून फिरवून बघायचा, एक टवका उडवायचा, वाळूत बसवायचा, दोन ठोके, पुढचा. एकही दगड त्याने परत काढला नाही. आमच्या तांबट लेनमध्ये हंड्यावर ठोके पडायचे तो आवाज आणि हा आवाज वेगळा पण लय तीच, न बघता हात चालतो ती.

दगड दिसायला सुंदर पण पावसात भयंकर. चौथ्या दिवशी बारीक पाऊस झाला आणि मी उतारावर सरळ बसलेच, कोपर खरचटलं. समोरच्या भाजीच्या दुकानातून एक बांगलादेशी पोरगा धावत आला, दीदी दीदी करत, हिंदीत बोलायला लागला, खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याच्याकडे कढीपत्ता होता, हिरव्या मिरच्या होत्या. त्याने मला शिकवलं की इथे उतरताना पाऊल सरळ टाकायचं नाही, आडवं टाकायचं, भिंतीच्या कडेने चालायचं आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा. मला एकदम माझे वडील दिसले, पावसाळ्यात टेक उतरताना छत्री टेकवत, अंग जरा तिरकं करून. मी लहानपणी समजायचे की त्यांची चालच तशी आहे.

आणि मग आल्फामा. किल्ल्याच्या उतारावरचा जुना भाग, नाव अरबी, मूर लोकांच्या काळापासूनचं. इथे रस्ते म्हणजे पायऱ्या, पायऱ्या म्हणजे कुणाच्या तरी घराचं अंगण, डोक्यावर वाळत घातलेल्या चादरी, कुठे रेडिओ, कुठे मासे भाजल्याचा वास. मी रोज तिथे जायला लागले. मॅप बंद करून टाकला, कारण तिथे मॅपलाच काही कळत नाही, उतार धरला की नदी येते आणि चढ धरला की किल्ला येतो, एवढं पुरतं. आमच्याकडेही तसंच की, कुठल्याही बोळात हरवलात तर उताराला लागा, गंगेवर निघता.

तिथे एक बाई रोज साधारण साडेदहाला दिसायची. सत्तरीची असेल, काळा स्वेटर, मागे ओढायची चाकांची पिशवी, त्यात पाव आणि कोबी. पायऱ्यांवर चाकं चालत नाहीत म्हणून ती पिशवी एकेक पायरी वर उचलायची. पायऱ्यांच्या मध्यावर एका घराच्या भिंतीतून दगडी कट्टा पुढे आलाय, गुडघ्याएवढा उंच, जेमतेम एक माणूस टेकेल एवढा. ती बरोबर तिथे थांबायची, पिशवी दोन पायांत धरायची आणि टेकायची. बसायची नाही, टेकायची. तीन-चार मिनिटं. मग निघायची. एक दिवस ती गेल्यावर मी जवळ जाऊन तो कट्टा बघितला. मधोमध खोलगट झालाय. कडेला दगड खरखरीत, टाकीचे घाव दिसतात, आणि मध्ये हात फिरवला तर साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, जरा तेलकटसुद्धा. किती पिढ्यांच्या बाया तिथे टेकल्या असतील तेव्हा दगड असा होतो.

मी पण टेकले. आणि टेकल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्या भाषेत टेक म्हणजे उंचवटा आणि टेकणं म्हणजे विसावणं, शब्द एकच वाटावा इतके जवळ. व्युत्पत्ती वगैरे मला माहीत नाही, पण ज्याला रोज ओझं घेऊन चढायचंय त्याला हे दोन वेगळे वाटत नसणार.

त्या दुपारी आईला व्हिडिओ कॉल केला. आई ७९ ची आहे, गुडघे दुखतात, आमच्याकडेच असते. तिला कट्टा दाखवला. ती म्हणाली, अगं मग, माझे तीन होते की. कसले तीन? तर म्हणाली गंगेवरून धुणं घेऊन यायचे ना मी, ओल्या कपड्यांची बादली, एक कडेला आणि एक हातात, तर वाटेत माझे तीन थांबे होते. पहिला सराफ बाजार संपतो तिथल्या वाड्याचा ओटा, दुसरा चढाच्या मध्यावर एका दुकानाची पायरी, तिसरा आपल्या गल्लीच्या तोंडाशी. तिसऱ्याला खरं तर गरज नसायची पण तिथे सगळ्या जणी भेटायच्या म्हणून थांबायचे. पन्नास वर्षं मी तिची मुलगी आहे आणि हे मला माहीत नव्हतं.

आईला वाटत होतं मी समुद्रावर आहे. तिला सांगितलं की ही तेजू नदी आहे, स्पेनमधून हजार किलोमीटर येते आणि इथे समुद्राला मिळते, म्हणून एवढी रुंद, पलीकडचा काठ धूसर दिसतो, पाण्याला खारा वास आणि भरती-ओहोटीसुद्धा. आपली गंगा आपल्याकडे अजून अंगणात खेळतेय, त्र्यंबकहून तीसेक किलोमीटर आलेली, अरबी समुद्र इतका जवळ असून त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघालेली. नाशकात ती बघताना समुद्र कधी मनात येत नाही. इथे एका नदीचा शेवट बघत होते तर पहिल्यांदा वाटलं की गंगासुद्धा कुठेतरी अशी रुंद होत असेल, आणि आपण रामकुंडावर सोडलेले दिवे तिकडे पोचत नसले तरी पाणी पोचत असेल.

नदीच्या काठी एक मोठा चौक आहे, तीन बाजूंनी पिवळ्या इमारती आणि चौथी बाजू उघडी पाण्याकडे. तिथे दोन दगडी खांब आणि त्यांच्यामधून पांढऱ्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. घाटच तो. मी तिथे इतक्या वेळा गेले की लेक हसायला लागली. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ, भरतीला पाणी दोन-तीन पायऱ्या वर येतं, पोरंपोरी पाय सोडून बसतात. कुणी आंघोळ करत नाही, कुणी पिंड सोडत नाही, बाकी तेच.

या चौकामागचा सपाट भाग म्हणजे बायशा. तो सपाट आणि सरळ रेषेत का आहे त्याची गोष्ट मोठी आहे. १ नोव्हेंबर १७५५, त्यांच्या सगळ्या संतांचा सणाचा दिवस, सकाळी लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. लोक पडणाऱ्या भिंतींपासून जीव वाचवायला उघड्यावर, नदीकाठी पळाले आणि थोड्या वेळाने नदीतून त्सुनामी आली. मग आगी लागल्या त्या कित्येक दिवस विझल्या नाहीत. खालचं शहर संपलं. आल्फामा मात्र बरंचसं तगलं. नंतर पोंबाल नावाच्या मंत्र्याने खालचा भाग नव्याने आखला, इमारतींच्या भिंतींत लाकडी पिंजरा बसवला म्हणजे हादरा बसला तरी भिंत डोलेल पण कोसळणार नाही, आणि एकेक गल्ली एकेका धंद्याला नेमून दिली. सोन्याची गल्ली, चांदीची गल्ली, चांभारांची, कापडवाल्यांची. ते वाचताना मी मनात आमची नावं म्हणत होते, सराफ बाजार, भांडीबाजार, सोनारअळी, तांबट लेन, कापडपेठ. वरच्या कार्मो मठाचं छप्पर त्यांनी परत बांधलंच नाही, कमानी आहेत आणि वर नुसतं आकाश, कबुतरं आरपार जातात. तिथे बसून मी हिशोब करत होते, हे पडलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १७५६ ला, आमच्याकडे चंद्रचूडांनी बांधलेलं सुंदरनारायणाचं देऊळ उभं राहिलं.

खालचं बुडतं, वरचं राहतं, हे नाशिककराला कुणी समजवायला नको. आमचा पूर गंगेकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. २००८ चा पूर मी बघितला, २०१६ चा बघितला, सराफ बाजारात पाणी शिरलं की काय होतं ते बघितलं. पण ६९ चा आईने बघितला. ती सांगते, खालच्या बाजारातली माणसं गाठोडी घेऊन वर आली, आमच्या वाड्याच्या चौकात चाळीस-पन्नास जण, कुणी कुणाला विचारलं नाही की तुम्ही कोण, सासूबाईंनी पिठाचा डबा रिकामा केला. एरवी टेकावर नळाला पाणी येत नाही म्हणून खालचे आम्हाला बिचारे म्हणायचे. त्या दोन दिवसांत टेक कशासाठी असतो ते सगळ्यांना कळलं.

शेवटच्या दोन दिवसांतलं एक सांगायचं राहिलं. सेन्योरा दु मोन्त म्हणून जागा आहे, ग्रासाच्याही वर, तिथून सगळं शहर दिसतं, किल्ला, लाल कौलं, नदी, लांबचा लाल पूल. अशा जागांना ते मिरादोरु म्हणतात आणि प्रत्येक टेकडीवर एक तरी आहेच, झाडाखाली बाकं, पाण्याचा नळ, कुठे कॉफीची टपरी. शहराने स्वतःच ठरवलंय की एवढं चढून आलेला माणूस दमलेला असणार, त्याला टेकायला जागा हवी आणि समोर काहीतरी बघायला हवं. तिथे संध्याकाळी लेकीबरोबर बसले होते, साडेआठ झाले तरी उजेड होता, आणि खालून चर्चची घंटा ऐकू आली. लेकीला म्हटलं, ही घंटा तू ओळखतेस. तिला कळेना. मग नारोशंकराच्या देवळाची घंटा आठवून दिली, गंगेकाठची, जिच्याखालून ती लहानपणी शंभरदा गेलीय. मराठ्यांनी १७३९ ला वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, त्या विजयाची खूण म्हणून ती घंटा तिथे लागली. देऊळ १७४७ चं. पुराचं पाणी घंटेला लागलं की नाशकात सगळे दचकतात, आणि ती घंटा या लोकांशी झालेल्या लढाईची. लेक बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, आई, आणि चावीपण यांचीच. खरंच आहे, चावी, पाव, कोबी, फीत, घमेलं, लिलाव, सगळे त्यांच्याकडून आलेले शब्द. ते आता चावीला "शाव्" म्हणतात, पण चारशे वर्षांपूर्वी त्यांचा उच्चार "च" होता, तो आपल्याकडे तसाच राहिलाय. आणि आईच्या ओल्या कपड्यांची बादलीसुद्धा त्यांचीच, "बाल्द".

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी एकटी गेले. पहाटे साडेपाचला गाडी गंगेवर लावली आणि चालत वर निघाले. चढ आहे. चांगला सणसणीत चढ आहे आणि तो मी इतकी वर्षं काचेतून बघत होते. पिवळ्या ट्राममध्ये बसायला लिस्बनला रांगा लागतात, आमच्याकडेही १८८९ पासून नाशिकरोड ते मेनरोड ट्राम होती, आधी घोड्यांची, तिचा मागमूस नाही, हेही चालतानाच आठवलं. खूप वाडे गेलेत. काही ठिकाणी नुसती जोत्यं उरलीत, काही ठिकाणी वाड्याच्या जागी तीन मजली इमारत पण दाराशी जुनी दगडी पायरी तशीच. काझीच्या गढीकडे गेले, तिथली माती दर पावसाळ्यात थोडी थोडी नदीकडे ढासळते आणि तिथल्या कुटुंबांना दरवर्षी जागा सोडायला सांगतात. १९५० च्या सुमारास सांकलिया आणि देव यांनी तिथे खोदकाम केलं तेव्हा थरावर थर वस्त्या निघाल्या, हजारो वर्षांच्या. म्हणजे हा टेक निम्मा तरी माणसांनीच रचलेला, घर पडलं की त्यावर घर. एवढं मोलाचं आणि ते डोळ्यांसमोर वाहून जातंय, याचं फार वाईट वाटलं मला.

घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली मला पण ने. मी म्हटलं गुडघे? ती म्हणाली, थांबे आहेत ना माझे.

मागच्या रविवारी नेलं. सराफ बाजारापर्यंत रिक्षा केली, तिथून चालत. पहिला ओटा राहिलेला नाही, शटर आहे आणि पुढे चकचकीत टाइल्स. आई तिथे क्षणभर उभी राहिली, हात कुठे ठेवावा कळेना तिला, मग माझ्या खांद्यावर ठेवला. हळूहळू वर निघालो, मी बांगलादेशी पोराने शिकवल्यासारखं तिला भिंतीच्या कडेने नेत होते तर ती म्हणाली, मला शिकवू नकोस, आणि स्वतःच नागमोडी चालायला लागली, या बाजूने त्या बाजूला, हातगाडीवाल्यांसारखी. मध्यावर आलो. दुकान बदललंय, आता मोबाइलची कव्हरं विकतात, पण पायरी तीच, काळ्या दगडाची, एका बाजूला झिजून खोलगट. आईने पदराने ती पुसली आणि टेकली. आत एक मुलगा होता, तिने त्याला म्हटलं, पाच मिनिटं टेकते रे बाळा. तो म्हणाला, टेका ना आजी, रोज कुणी ना कुणी टेकतंच इथे, चहा सांगू का?

चहा आला. आईने बशीत ओतून घेतला, फुंकर मारली आणि वर गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. तिसरा थांबा अजून बाकी होता.